बंदच्या दिवशीचा सोनाटा

आमच्या संघटनेचं ऑफिस म्हणजे कर्जतमध्ये पिठाच्या गिरणीच्या डोक्यावरची एक खोली. खाली गिरणी चालू असली की वर ओरडूनच बोलावं लागतं. माझी आई खालापूरकडच्या आमच्या गावात भाताची खाचरं सांभाळते. ती म्हणते, मला साध्या आवाजात बोलता येत नाही त्याला ही गिरणी कारणीभूत आहे. असेल. मी पत्रकं लिहिते. एका कागदाच्या दोन्ही बाजूंना मावेल एवढा मजकूर, ठळक अक्षरं, चुकतंय कुणाचं आणि मागणी काय. आजवर याच्यापेक्षा लांब काही लिहायची वेळ आली नव्हती.

त्या वर्षी आम्ही माथेरानच्या हातरिक्षावाल्यांबरोबर काम करत होतो. माथेरानला गाड्या जात नाहीत. खालच्या गाडीतळापासून पुढे चालायचं, नाहीतर घोडा, नाहीतर हातरिक्षा. हातरिक्षा म्हणजे दोन चाकांवरची खुर्ची. तिला एक माणूस पुढून ओढतो आणि दोघं मागून रेटतात. उतारावर तेच दोघं मागे खेचून धरतात, नाहीतर खुर्ची, गिऱ्हाईक आणि पुढचा माणूस असे तिघं एकदमच दरीत जातील. माणसानं माणसाला वाहायचं हे काम अजून चालू आहे, लोक त्यात बसून फोटो काढतात, आणि वर पोचल्यावर भावावरून कटकट करतात. आमची मागणी सरळ होती. ज्यांनी इतकी वर्षं ओढलं त्यांनाच विजेच्या रिक्षा चालवायचे परवाने द्या. अर्ज करून झाले होते, निवेदनं देऊन झाली होती. मग आम्ही गर्दीचा एक रविवार धरून बंद जाहीर केला.

आधीच्या एका बंदला एक गोष्ट घडली होती. रिक्षा सगळ्या उभ्या होत्या, पण दुपारी पाहिलं तर निम्मे रिक्षावाले पर्यटकांच्या बॅगा डोक्यावर घेऊन हॉटेलं गाठत होते. विचारलं तर म्हणाले, रिक्षा बंद हाय ना, बॅगा कुठं बंद हायत. म्हणून या खेपेला मी ठराव अगदी पक्का लिहिला होता. त्या दिवशी कुठलाही रिक्षावाला मजुरीवर अंगमेहनतीचं कुठलंही काम करणार नाही. सामान नाही, सिलिंडर नाही, हॉटेलांचं पाणी नाही, काही नाही. सभेनं तो हात वर करून मंजूर केला होता.

बंदच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी एक म्हातारी बाई आमचा जिना चढून वर आली. सत्तरीच्या पुढची, सुती फ्रॉक, खांद्याला कापडी पिशवी. गिरणी चालू होती. तिनं ती बंद व्हायची वाट पाहिली आणि मग बोलली.

"माझा माणूस तू बंद केलास."

"कोण माणूस?"

"हवा मारणारा."

तिची ओळख अशी. मूळची वसईकडची ख्रिस्ती, त्यामुळे मराठी माझ्याहून जुनं आणि स्वच्छ. मुंबईत जन्मभर पियानो शिकवला आणि आता खालापूरला बहिणीच्या घरी राहायला आलेली. माथेरानवर एक जुनं दगडी चर्च आहे, तिथे दर रविवारी जाऊन ती ऑर्गन वाजवायची. ते चर्च तिच्या पंथाचंही नव्हतं. तिच्या स्वतःच्या चर्चमध्ये कीबोर्ड आला होता आणि तो तिला आवडत नव्हता, एवढंच कारण.

ऑर्गन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे संगीत नाटकातली पायानं भाता मारायची पेटी आली. हा ऑर्गन तसा नव्हे. हा भिंतीएवढा असतो. त्याला लहानमोठ्या नळ्या असतात, काही बोटाएवढ्या, काही माणसापेक्षा उंच. पट्टी दाबली की त्या त्या नळीत हवा शिरते आणि ती वाजते. हवेसाठी आत मोठा भाता असतो. तो हलवायला एकेकाळी मोटर बसवली होती, ती एका पावसाळ्यात जळाली आणि दुरुस्तीला वर कुणी येईना. तेव्हापासून मूळच्या जुन्या पद्धतीनं एक माणूस पडद्यामागे उभा राहून लाकडी दांडा खाली-वर करत होता. हा माणूस आमच्या हातरिक्षावाल्यांपैकी एक होता.

"म्हणजे तो मागे घाम गाळतो आणि तुम्ही पुढे बसून वाजवता," मी म्हटलं.

"हो. तुला मोटर आणता येते का? आण. मलाही त्याचं धापा टाकणं ऐकायला आवडत नाही."

तिनं पिशवीतून कडा तपकिरी झालेली एक वही काढली आणि टेबलावर उघडली. नुसत्या टिंबांचं आणि रेघांचं पुस्तक. ती म्हणाली, हा सोनाटा आहे. सोनाटा म्हणजे एकट्यानं वाजवायची लांबलचक रचना, तीन-चार भागांची, आणि ते भाग एकामागून एक वाजवले तरच तिला अर्थ. हा चार भागांचा, तिकडे जर्मनीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहिलेला, खास अशा नळ्यांच्या ऑर्गनसाठी. तरुणपणी तिनं तो शिकायला घेतला. परीक्षेला पहिला भाग पुरला. दुसरा सावकाश आहे म्हणून लोकांच्या लग्नांत वाजवला. सगळा सलग एकदाही वाजवला नव्हता.

"इतकी वर्षं का नाही वाजवलात?"

"चौथा भाग हाताला बसत नव्हता. गेल्या महिन्यात बसला."

आणि आता तो ऑर्गन चालला होता. चर्चच्या विश्वस्तांनी तो दुसऱ्या शहरातल्या एका चर्चला देऊन टाकला होता. तिथे मोटर मिळेल, निगा राखली जाईल. निर्णयात वाईट काही नव्हतं, हे तीही म्हणाली. नळ्या उतरवणारी माणसं सोमवारी सकाळी येणार होती. शनिवारी चर्चमध्ये लग्न होतं. उरला रविवार, आणि रविवारी माझा बंद.

"मी त्याला फोन केला," ती म्हणाली. "तो म्हणतो, आंटी, अंगमेहनत बंद हाय, ताईंनी लिहून दिलंय. म्हटलं ही ताई कोण ते पाहून यावं."

मी तिला सांगितलं की निर्णय सभेचा आहे, मला एकटीला तो फिरवता येत नाही.

"मग सभेला विचार," ती म्हणाली आणि वही पिशवीत घातली.

शनिवारी संध्याकाळी वर रिक्षास्टँडवर सभा झाली. उद्याच्या बंदची वाटणी ठरली, कोण कुठे उभं राहणार, पोलिसांशी कोण बोलणार. बैठकीचं लेखी हातात पडलं की बंद मागे घ्यायचा, हेही ठरलं. शेवटी मी हा विषय काढला.

हवा मारणारा पुढेच बसला होता. पन्नाशीचा, काटक, मिशा काळ्या करणारा. डोंगराखालच्या वाडीतून रोज चढून यायचा. चर्चमधला ऑर्गन आपणच वाजवतो, आंटी फक्त बोटं ठेवते, असं तो नव्या लोकांना सांगत असे. सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी ते मनावर घेत नसे.

"हवा मारनं म्हंजे काम हाय का?" एकानं विचारलं.

"मजुरी भेटते ना त्याला? मंग काम."

"मंग नको घेऊ म्हनावं मजुरी. देवाच्या नावानं मार."

"कोनच्या देवाच्या नावानं रं? त्यांच्या का आपल्या?"

हशा झाला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण फुकट राबवून घेण्याविरुद्ध मी पत्रक काढलं होतं आणि ते अजून स्टँडच्या खांबाला चिकटलेलं होतं. हॉटेलवाले रिक्षावाल्यांकडून जाता-येता वरकाम करून घ्यायचे, त्याबद्दल. सेवा, माणुसकी, ओळख अशा कुठल्याही नावानं मजुरीविना काम करू नका, असं त्यात मोठ्या अक्षरांत होतं. मी म्हटलं, फुकट काम चालणार नाही. कुणाच्याच देवासाठी नाही.

"म्हंजे मजुरी घेतली तर बंद मोडतोय, आनि नाय घेतली तर ताईंचं पत्रक मोडतंय," हवा मारणारा म्हणाला. त्याला हे फार आवडलेलं दिसलं.

"घोडेवाल्याला सांगा कुनाला तरी. त्यांचा कुठं बंद हाय."

"घोडेवाला?" तो उठून उभाच राहिला. "मी उभा ऱ्हातो तिथं घोडेवाला शिरनार? उद्या रिक्षाही त्यालाच दे मंग. तुझी बायकोही दे."

हे मात्र बरोबर होतं. बंदच्या दिवशी दुसऱ्याला आणून काम करून घेणं म्हणजे बंद फोडणंच, त्यात वाद नाही. मग मागून एक जण म्हणाला,

"ताईंनी मारावी की. त्या कुठं रिक्षा वढतात."

मी सांगायचा प्रयत्न केला की मला ते येत नाही. दोघा-तिघांनी सांगितलं की आम्हालाही रिक्षा ओढायला कुठं येत होतं. ठराव टाकला गेला. आमच्या सभेत आजवर एकही ठराव भांडणाशिवाय पास झाला नव्हता. याला सगळे हात वर गेले, काही जणांचे दोन-दोन.

रविवारी बंद चांगला झाला. सकाळपासून पर्यटक चाकांच्या बॅगा लाल मातीतून फरफटवत चालले होते आणि एकमेकांवर चिडत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तहसीलच्या एका साहेबांचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही धमकीचे. दुपारी जेवून मी चर्चमध्ये गेले तेव्हा दाराबाहेर चपलांची रांग होती. रिक्षावाल्यांना दिवसभर काही उद्योग नव्हता, म्हणून आपली ताई हवा कशी मारते ते पाहायला ते सगळे येऊन बसले होते. चर्चमध्ये पायताण काढायची रीत नाही, असं बाईंनी त्यांना सांगून पाहिलं होतं. त्यांनी ऐकलं नव्हतं. बाई स्वतः मात्र बाकावर बसून पिशवीतले पातळ तळव्यांचे वेगळे बूट घालत होत्या, कारण या ऑर्गनला पायानं वाजवायच्या पट्ट्याही असतात.

"आमी काढतो आनि आंटी घालते," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

हवा मारणारा मला पडद्यामागे घेऊन गेला. माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. भिंतीतून बाहेर आलेला लाकडी दांडा, हातानं गुळगुळीत झालेला. सदरा अडकवायला खिळा. ऑर्गनच्या पाठीला त्यानं खंडोबाचं एक छोटं चित्र चिकटवलं होतं. त्याच्या शेजारी एक दोरी लोंबत होती आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा. मागच्या फळीवर दोन रेघा.

"हा गोळा बघ. भाता भरला का गोळा खाली येतो. हवा सरली का वर जातो. वरच्या रेघंच्या वर जाऊन द्यायचा नाय. बाकी काय नाय."

"आणि संगीत?"

"तुला काय करायचंय संगीत? गोळ्याकडं बघ." तो पडदा बाजूला करून बाहेर गेला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला. इतकी वर्षं त्या चर्चमध्ये येऊन तो बाकावर पहिल्यांदाच बसत होता, हे मला बाईंनी नंतर सांगितलं.

सोनाट्याच्या पहिल्या भागाबद्दल मला सांगता येण्यासारखं थोडं आहे. पडद्यामागे संगीत ऐकू येत नाही. तिथे यंत्र ऐकू येतं. लाकडी पट्ट्यांची खडखड, चामड्याचं करकरणं, हवेचा फुसफुसाट, आणि या सगळ्याच्या पलीकडे भिंतीपल्याड कुणीतरी मोठमोठ्यानं बोलत असावं तसा आवाज. पहिला भाग जड होता. बाईंनी एकदम दहा बोटं आणि दोन्ही पाय टाकले की गोळा उडी मारून वर जायचा. मी दांडा खाली दाबायची, तो थोडा उतरायचा, की परत उडी. मध्येच एखादी साधी, गाण्यासारखी ओळ हळू आवाजात यायची, तेवढ्यात मी श्वास घ्यायची, आणि परत ते मोठमोठं बोलणं चालू. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मी मागे पडले. गोळा रेघेच्या वर गेला आणि सगळा आवाज एकदम खाली घसरला, आजारी माणूस कण्हावा तसा.

"बाय, हातानं वढू नको," बाकावरून आवाज आला. "अंग टाक त्याच्यावर. अंग."

"गप रं, ऐकू दे."

"काय ऐकू दे? हवाच नाय तिथं, ऐकतोस काय?"

मग पुढून खटाखट लाकूड आपटल्याचे आवाज आले. वाजवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्या असतात. खुंटी बाहेर ओढली की नळ्यांची एक रांग चालू होते, आत ढकलली की बंद. बाई खुंट्या आत ढकलत होत्या. माझ्याच्यानं जेवढी हवा होत होती तेवढ्यात भागवायचं, म्हणून त्यांनी निम्म्या नळ्या बंद केल्या. पहिला भाग असा बारीक आवाजात संपला. बाकावरच्यांना तो मोठा असायला हवा होता हे माहीत नव्हतं. मला आणि बाईंना माहीत होतं.

"श्वास घे," त्या मान न वळवता म्हणाल्या. "दुसरा सोपा आहे."

दुसरा खरोखर सावकाश होता. लग्नात वाजवतात तो हाच. गोळा शहाण्यासारखा खाली-वर होत राहिला आणि मला पडद्याच्या फटीतून बाहेर पाहायला वेळ मिळाला. हवा मारणारा दोन्ही पाय बाकावर घेऊन बसला होता. त्याच्या रिक्षाचे इतर दोघे, पुढून ओढणारा थोराड माणूस आणि मागचा एक तोतरा, त्याच्या शेजारी. थोराड झोपला होता. हवा मारणाऱ्याचा उजवा हात मांडीवर होता आणि खाली-वर होत होता, माझ्या दांड्याच्या थोडा पुढे. मी त्याच्या हाताकडे पाहून दांडा मारायला लागले आणि ते बरं जमलं. अंगाला घाम होता, तळहाताला फोड येत होते. मला राग यायला हवा होता, आणि तो कुणावर ते ठरत नव्हतं. शिशाच्या गोळ्यावर रागावता येत नाही.

तिसरा भाग म्हणजे दोघांचं बोलणं आहे, असं बाईंनी आधी सांगितलं होतं. एक जण हळू, एकटा काहीतरी विचारतो आणि पुष्कळ जण एकदम मोठ्यानं उत्तर देतात. तो अर्ध्यावर आला असताना माझ्या खिशातला फोन थरथरला. तहसीलचे साहेब. मी एका हातानं दांडा मारत दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. साहेबांचा सूर बदललेला होता. माथेरानहून पर्यटकांच्या तक्रारी गेल्या होत्या. बंद मागे घ्या, याच आठवड्यात बैठक लावतो, म्हणाले. मी म्हटलं, लेखी द्या. ते म्हणाले, देतो. मी म्हटलं, आत्ता, फोटो काढून पाठवा, सहीसकट. ते म्हणाले, असा विश्वास नसेल तर कसं चालेल. मी म्हटलं, याआधी विश्वासावरच चाललं होतं. बोलता बोलता माझा हात कधी थांबला ते मला कळलं नाही. एकटा विचारणारा हळू सूर मध्येच घसरत गेला, आणि मग नळ्यांतून नुसता वारा आला.

"हवा," बाई म्हणाल्या.

फोनवर फोटो आला. खाली सही होती, शिक्का होता. मी पडदा बाजूला करून बाहेर आले आणि सांगितलं की बैठकीचं लेखी मिळालंय, बंद मागे.

टाळ्या झाल्या, पण थोड्याच. लगेच बाकं सरकली. बाहेर सकाळपासून अडकलेले पर्यटक होते, सामान होतं, दुप्पट भाव द्यायला तयार असलेली माणसं होती. दाराशी चपलांसाठी ढकलाढकल झाली, कुणाची तरी चप्पल दुसऱ्याच्या पायात गेली, त्यावरून शिव्या, आणि पाहता पाहता चर्च रिकामं. राहिले बाई, मी, आणि पहिल्या बाकावरचे तिघे.

"चल रं," थोराड म्हणाला. त्याची झोप उडाली होती. "तिकडं रांग लागली आसंल."

"तुमी व्हा पुढं."

"दोघांनी रिक्षा जाते का? उतारावर मागं कोन धरनार, तुजा बाप?"

हवा मारणारा उठला आणि ऑर्गनपाशी गेला. "आंटी, चौथा ऱ्हायलाय ना?"

"राहिलाय."

"तो मोटा हाय ना?"

"सगळ्यात मोठा."

"मंग या पोरीच्यानं नाय व्हायचा." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बंद सुटला ना? आता मजुरी घेतली तर चालतंय ना?"

"घ्यायलाच पाहिजे," मी म्हटलं.

"मंग आंटी, आज नेहमीची मजुरी नाय. आज रिक्षाचा भाव. तिघांचा. हे दोघं माझ्यापायी थांबनार, त्यांची फेरी बुडनार."

"वर चढायचा भाव की खाली उतरायचा?" बाईंनी विचारलं.

"चढायचा."

"ठीक आहे."

"आनि आ-आमी काय करायचं?" तोतऱ्यानं विचारलं.

"बसायचं. बसायची मजुरी हाय. जल्मात भेटली नसंल."

तोतरा बसला. थोराड उभाच राहिला, दाराकडे तोंड करून, कुठलं गिऱ्हाईक कुणी उचललं ते बाहेर बघत. हवा मारणारा पडद्यामागे गेला. बाईंनी एकेक करून सगळ्या खुंट्या बाहेर ओढल्या, हात फ्रॉकला पुसले, आणि चौथा भाग सुरू केला.

मला संगीत कळत नाही, हे मी इथे सरळ लिहिते, कारण न कळणाऱ्या गोष्टीवर भरभरून लिहिणाऱ्या लोकांची मला चीड येते. मी काय पाहिलं तेवढं सांगते. पहिल्या फटक्याला खिडकीची काच थरथरली आणि बाकाच्या लाकडातून ती थरथर माझ्या पाठीत आली. बाईंचे हात खालून वर, वरून खाली धावत होते, एकाच धावेत, न थांबता, आणि पाय त्याखाली वेगळंच काहीतरी सावकाश, ठाम चालत होते. सत्तरीच्या बाईला जिना चढताना मी पाहिलं होतं. हे पाय ते नव्हते. आवाज एकदाही घसरला नाही. मघाशी मी जिच्या मागे पळत होते ती हवा आता आपल्या जागी उभी होती आणि तिच्यावर हे सगळं धावत होतं. खोपोलीला वीजघराच्या नळांजवळ उभं राहिलं की पाणी दिसत नाही, पण आत ते किती जोरानं खाली येतंय ते पायांना कळतं. तसं. मध्ये बाईंच्या बोटांची गफलत झाली. अगदी मलाही कळेल एवढी. त्या स्वतःशी काहीतरी पुटपुटल्या, पण थांबल्या नाहीत. थोराड दाराकडून आत वळला होता. शेवटचा सूर त्यांनी इतका लांब धरून ठेवला की मला पडद्यामागच्या माणसाची काळजी वाटली. मग हात उचलले.

आवाज संपल्यावर धापा ऐकू आल्या. हवा मारणारा सदरा हातात घेऊन बाहेर आला.

"संपलं?"

"संपलं," बाई म्हणाल्या.

"कसं झालं रं?" त्यानं आपल्या दोघांना विचारलं.

"मो-मोटं झालं."

"मघाशी बाहेर बसून बघितलं मी," तो बाईंना म्हणाला. "मला वाटलं व्हतं बाहेरून लय भारी आसंल. तसं काय नाय. तो दुसरा झोप आननारा हाय." त्यानं मजुरी घेतली, थोराडाच्या हातात दिली आणि तिघं चपला घालून पळाले. बाहेरून त्याचा आवाज आला, रिक्षा, रिक्षा, म्हणत. त्या बैठकीचं पुढे काय झालं त्यावर माझं वेगळं पत्रक आहे.

मला वाटलं आता बाई बूट बदलतील. त्या तशाच बसून वहीची पानं मागे उलटत होत्या.

"झाला की सगळा," मी म्हटलं.

"तिसरा अर्धा राहिला. तुझ्या फोनमुळे."

"चौथा झाल्यावर तिसरा वाजवतात का?"

"नाही वाजवत." त्यांना हवं ते पान सापडलं. त्यांनी बहुतेक खुंट्या आत ढकलल्या, दोन-तीनच बाहेर ठेवल्या. "उद्या सकाळी ती माणसं येतील. हवा फार लागत नाही या भागाला. तुझ्याच्यानं होईल."

तळहातावरचा एक फोड फुटला होता. त्यावर मी रुमाल बांधला.

"मजुरी काय घेणार?" बाईंनी विचारलं.

"आधी वाजवा," मी म्हटलं, आणि पडद्यामागे गेले.